पांझरेच्या काठाने : खान्देशात घरशिक्षण घेणाऱ्या कुटुंबांसाठी उन्हाळी प्रवासाचे मार्गदर्शन

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा निर्णय घेतलेल्या कुटुंबाला पहिल्या उन्हाळ्यात एक गमतीचा प्रश्न पडतो. ज्यांना शाळाच नाही त्यांना सुट्टी कशाची द्यायची? गल्लीतली मुले परीक्षा संपवून मामाच्या गावाला जाण्याच्या तयारीला लागलेली असतात आणि आपली मुले दारात उभी राहून विचारतात, ‘आपण कुठे जायचे?’ धुळ्यात राहणाऱ्या आमच्या चौघांच्या कुटुंबाने गेल्या चार उन्हाळ्यांत या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्यातून नवख्या पालकांना उपयोगी पडेल तेवढे येथे क्रमाने मांडले आहे. आमची थोरली आता अकरा वर्षांची असून धाकटा आठ वर्षांचा आहे. त्यामुळे हे मार्गदर्शन मुख्यतः सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना लक्षात घेऊन लिहिले आहे.

आधीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. उन्हाळी प्रवास म्हटले की बहुतेक पालक ठिकाणांची यादी करायला बसतात. खान्देशात तसे करू नये. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर सहज जातो, आणि अशा हवेत यादीतली दहा ठिकाणे ‘उरकण्याच्या’ नादात मुले आजारी तरी पडतात किंवा कंटाळतात. आधी उन्हाचे वेळापत्रक करावे, त्यानंतर एखादी नदी निवडावी आणि ठिकाणे त्या नदीलाच ठरवू द्यावीत.

१. निघण्यापूर्वीची कागदपत्रे

हा भाग रुक्ष असला तरी तो एकदाच करायचा आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू आहे, मात्र घरी शिकवण्यासाठी आपल्याकडे वेगळी नियमावली नाही. पुढे परीक्षा द्यायची असल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज असतो आणि त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. म्हणून मूल कधी एखाद्या शाळेत गेले असेल तर तो दाखला जपून ठेवावा. प्रवासासाठी मुलांचे आधार कार्ड सोबत असू द्यावे. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते, पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि २०२३ पासून महिलांनाही निम्मेच भाडे पडते. त्यामुळे आई आणि दोन मुले एसटीने निघाली तर तिघांचे मिळून दीड तिकीट होते. खासगी गाडीपेक्षा एसटी निवडण्याचे आणखी एक कारण आमच्याकडे आहे. बसमध्ये मुलांना अहिराणी ऐकायला मिळते आणि मोटारीच्या बंद काचेआड ती मिळत नाही.

२. वेळापत्रक सूर्याने ठरवावे

मे महिन्यात धुळ्याला सहाच्या थोडा आधी सूर्य उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सूर्योदयाआधी सुमारे वीस-पंचवीस मिनिटे चालण्याइतका उजेड असतो. आमचा नियम असा आहे : पाच वाजता घरातून बाहेर, नऊ वाजता परतीच्या वाटेवर आणि दहाच्या आत सावलीत. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा दोन तास मिळतात, पण ते जवळच्या कामासाठी ठेवावेत, कारण त्या वेळी जमिनीतून निघणारी झळ कमी झालेली नसते.

हा नियम आम्ही शहाणपणाने केलेला नाही, तो एका फजितीतून आलेला आहे. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही लळिंगचा किल्ला पाहायला निघालो. हा किल्ला धुळ्यापासून दहा किलोमीटरच्या आसपास, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. फारुकी राजांच्या काळात त्याला मोठे महत्त्व होते आणि वर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही पाहता येतात. मी सकाळी उठून पोहे केले, डबे भरले, टोप्या शोधल्या आणि या सगळ्यात आठ वाजले. वर पोहोचलो तेव्हा दहा झाले होते. उतरताना खडक इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. चौघांत मिळून तीन लिटर पाणी नेले होते, ते अर्ध्या वाटेतच संपले. पायथ्याशी आलो तेव्हा धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला होता, डोके दुखते म्हणून तो रडत होता आणि गावाच्या कडेला त्याला उलटी झाली. तेथल्या एका मावशींनी त्याला निंबाखाली खाटेवर निजवले, ओला कपडा मानेवर ठेवला, माठातले पाणी घोट घोट पाजले आणि मला म्हणाल्या, ‘इतला उनमा पोरेस्ले कथा लई जाई ऱ्हायनी व माय?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून पोहे घरी होत नाहीत. आदल्या रात्रीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून आम्ही निघतो, नाश्ता नदीकाठी करतो.

३. एक नदी निवडावी

नदी निवडण्यामागे साधे कारण आहे. किल्ला, लेणी, मंदिर ही एकेकटी ठिकाणे मुलांच्या डोक्यात सुटी सुटी राहतात. नदी मात्र त्यांना एका दोरीत ओवते, आणि पुढच्या आठवड्यात कुठे जायचे हे मुलांना आपोआप कळते : आज जिथे थांबलो त्याच्या खाली. जळगावकडच्या कुटुंबांनी वाघूर घ्यावी. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी ती घोड्याच्या नालासारखे वळण घेते, पुढे खान्देशात उतरून जळगावजवळच्या धरणात अडते आणि शेवटी तापीला मिळते. चाळीसगाव, पाचोरा, भडगाव या भागातल्यांना गिरणा आहे. आमची नदी पांझरा, म्हणून पुढचे तपशील तिचे आहेत.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते, पिंपळनेर आणि साक्रीकडून पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, धुळे मागे टाकल्यावर उत्तरेला वळते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापीला मिळते. आम्ही तिच्या पाच सकाळी केल्या. पहिली पिंपळनेरच्या वरच्या अंगाला लाटीपाडा धरणावर, दुसरी फडाच्या (पाणी वाटण्याच्या जुन्या पद्धतीच्या) पाटावर, तिसरी अक्कलपाडा धरणावर, चौथी खुद्द धुळ्यात आणि पाचवी मुडावदच्या संगमावर. एका आठवड्यात एकच सकाळ ठेवावी. मधले सहा दिवस पुरेनात इतके प्रश्न मुले घरी घेऊन येतात.

निघण्याआधी मुलांकडून नदीचा नकाशा काढून घ्यावा, पण तो छापील नकाशावरून गिरवलेला नसावा. मुलांना जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्यात यावे. आमच्या धाकट्याच्या पहिल्या नकाशात पांझरा धुळ्याच्या मोठ्या पुलापाशी सुरू होऊन तिथेच संपत होती. पाचव्या सकाळनंतर त्याने काढलेल्या नकाशात नदीला दोन धरणे, एक वळण आणि शेवटी तापी आली. हे दोन्ही कागद शेजारी शेजारी चिकटवून ठेवले की मूल काय शिकले हे सांगायला वेगळी परीक्षा लागत नाही.

तापीवर पोहोचल्यावर एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावलेली ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते. पांझरा सह्याद्रीतून निघून पूर्वेला वाहते, तापीत शिरते आणि तिचेच पाणी पुन्हा पश्चिमेला जाते. आमच्या थोरलीने मुडावदला कपिलेश्वराच्या मंदिरापाशी बसून याचा हिशेब बोटाने हवेत काढला आणि विचारले, ‘म्हणजे पाणी आपल्या घरावरून गेले आणि मागच्या दाराने परत आले?’ यापेक्षा नेमके वर्णन मला सुचले नसते.

४. फडाच्या पाटावर एक सकाळ

पाच सकाळींपैकी एकच करण्याइतका वेळ असेल तर ही करावी.

पांझरेच्या खोऱ्यात, विशेषतः साक्री तालुक्यात, पाणी वाटण्याची ‘फड’ नावाची जुनी पद्धत आहे. नदीत आडवा दगडी बंधारा घालतात, त्यातून गावाकडे पाट काढतात आणि पाटाखालच्या शेतजमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडतात. अशा प्रत्येक तुकड्याला फड म्हणतात. एका फडात कितीही शेतकऱ्यांच्या जमिनी असल्या तरी त्या वर्षी त्या फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे असते. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक असे ठरते आणि पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलते. पाणी शेतात फिरवणारा तो पाटकरी, त्याच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार आणि पिकाची राखण करणारा जागल्या अशी माणसे गावाने नेमलेली असतात. वरची धरणे झाली, घरोघरी विहिरी आल्या आणि ही व्यवस्था पूर्वीसारखी सगळीकडे चालत नाही. तरी बंधारे आणि पाट पाहायला मिळतात आणि पद्धत समजावून सांगणारी जुनी माणसे पारावर भेटतात.

मुलांनी येथे काय करावे? आधी बंधाऱ्यावर उभे राहून पाट कोणत्या बाजूने निघतो ते पाहावे आणि पाटाच्या कडेने चालत सुटावे. पाट जमिनीच्या उताराला बिलगून कसा वळतो, नदी खाली खाली जात असताना तो उंचीवरच कसा राहतो, हे पायांना आधी कळते आणि डोक्याला नंतर. पाटाला पाणी असेल, म्हणजे आवर्तन सुटलेले असेल, तर पाणी मोजण्याचा एक सोपा प्रयोग होतो. पाटाचा दहा मीटरचा सरळ भाग दोरीने मोजून घ्यावा, वरच्या टोकाला संत्र्याची साल किंवा वाळके पान सोडावे आणि खालच्या टोकापर्यंत यायला त्याला किती सेकंद लागतात ते पाहावे. असे पाच वेळा करून सरासरी काढावी आणि दहाला तिने भागून वेग काढावा. त्यानंतर पाटाची रुंदी आणि काठीने दोन-तीन ठिकाणची खोली मोजावी. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते ते निघते. काठाजवळचे आणि तळाचे पाणी वरच्या पाण्यापेक्षा सावकाश चालते, म्हणून आलेले उत्तर थोडे कमी धरावे. हे ‘थोडे कमी’ का धरायचे यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला. शेवटी धाकट्याने एक साल मधोमध आणि एक काठाशी सोडून तो वाद मिटवला.

दुसरे काम माणसांशी बोलण्याचे आहे. मुलांनी प्रश्न घरून लिहून न्यावेत, पण विचारताना वही मिटलेली ठेवावी. आमच्या थोरलीचा प्रश्न होता की एका फडात सगळ्यांनी एकच पीक का घ्यायचे, ज्याला जे हवे ते का नाही. पारावर बसलेल्या एका आबांनी हातातली काडी जमिनीवर ओढून चार चौकोन काढले आणि म्हणाले, ‘पानी समदास्ले सारखं भेटाले जोयजे ना, मंग पीक बी सारखंच लेनं पडस.’ उसाला पाणी जास्त लागते, हरभऱ्याला कमी. दोन्ही शेजारी असतील तर पाण्यावरून भांडण ठरलेले. पीक एक असेल तर पाळीही सारखी लागते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समान वाटप हा शब्द येतो, तो मुलीने त्या चार चौकोनांत पाहिला.

शेतात शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी, उभ्या पिकातून चालू नये आणि फोटो काढण्याआधी विचारावे. खान्देशात चहा नाकारला तर माणूस मनाला लावून घेतो, म्हणून अर्धा कप का होईना, घ्यावा.

५. सावली मोजणे

पाटणादेवी हे ठिकाण चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत आहे. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेने जाता येते आणि मुलांना हा छोटा रेल्वेमार्ग फार आवडतो. येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ मधला, आणि त्यांच्या ‘लीलावती’त सावलीवरून उंची-अंतर काढण्याच्या गणितांचे स्वतंत्र प्रकरण आहे. उन्हाळ्यात येथले धबधबे कोरडे असतात, तेव्हा धबधब्याच्या आशेने जाऊ नये. अभयारण्यात चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये, कारण एप्रिल-मेमध्ये वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

पाटणादेवीला जाणे जमले नाही तरी सावलीचे काम घराच्या गच्चीवर करता येते आणि ते प्रत्येक कुटुंबाने करावेच असे माझे मत आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने तपासून उभी रोवावी. बाराच्या सुमारास सुरुवात करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते तो स्थानिक मध्यान्ह होय. धुळ्यात मे महिन्यात ती वेळ बारा वाजता न येता साडेबाराच्या सुमारास येते, कारण आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि धुळे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. ‘घड्याळ चुकले की सूर्य?’ हा प्रश्न मुलांना स्वतःहून पडू द्यावा. टोपी आणि पाणी घेऊन पाच मिनिटे गच्चीवर जायचे, खूण करून परत सावलीत यायचे, अशी पाळी लावावी.

ही मोजणी आठवड्यातून एकदा केली तर धुळ्यात एप्रिलच्या मध्याला मध्यान्हीची सावली सुमारे २० सेंटिमीटर, १ मेला १० सेंटिमीटर आणि १५ मेला जेमतेम ४ सेंटिमीटर भरते. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीची सावली काठीच्या बुडाखाली दडते. चाळीसगावला हा दिवस साधारण २२-२३ मेला, धुळे-जळगावला २४ ते २६ मेच्या दरम्यान आणि नंदुरबारला २७-२८ मेला येतो. गाव जितके उत्तरेला तितका दिवस उशिरा, हे नात्यातल्या मुलांना तीन गावांत काठ्या रोवायला सांगून आम्ही फोनवर पडताळले. नंदुरबारच्या मावसभावाने चार दिवस आधीच ‘आमची सावली संपली’ असे जाहीर केले होते, पण थोरलीने त्याला मोजपट्टी लावायला सांगितल्यावर पाऊण सेंटिमीटर निघाली.

शून्य सावलीनंतर काठी काढू नये. खरी गंमत पुढे आहे. महिनाभर उत्तरेला पडणारी मध्यान्हीची सावली आता दक्षिणेला पडू लागते आणि २१ जूनला ती दक्षिणेकडे चार सेंटिमीटरच्या थोडी पुढे जाते.

६. दुपार

दहा ते पाच हा वेळ घरातला आहे आणि तो वाया जातो असे समजू नये. त्यातला एक तास झोपेचा असावा, मोठ्यांच्याही. बाकी वेळात सकाळच्या कामाची नोंद, वाचन, नकाशे आणि घरातली उन्हाळी कामे येतात.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस तर आमच्याकडे अभ्यासाचाच धरला जातो. ज्वारीचे शिजवलेले पीठ पहाटेच गच्चीवर खाटेवर पसरलेल्या ओल्या कपड्यावर थापायचे असते, कारण ऊन चढले की हात भाजतात. शेजारच्या दोन-तीन घरांतल्या बाया जमतात, आज एकीचे, उद्या दुसरीचे अशी पाळी चालते. मुलांकडे आम्ही वजनाचा काटा देतो. ठरावीक दहा बिबडे ओले असताना, दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी तोलायचे, आणि त्याचा आलेख काढायचा. दुसऱ्या संध्याकाळी वजन निम्म्याहूनही खाली येते. गेलेले वजन कुठे गेले, हा प्रश्न वाफेच्या धड्यापर्यंत मुलांना घेऊन जातो. दहापैकी दोन बिबडे दरवर्षी नोंद संपण्याआधीच खाल्ले जातात, हेही वहीत लिहिलेले आहे.

धुळ्यात दुपारसाठी एक चांगली जागा राजवाडे संशोधन मंडळाची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले आणि त्यांनी गावोगाव पायी फिरून जमवलेली कागदपत्रे हा या संस्थेचा पाया आहे. मुलांना जुनी पोथी दाखवताना अक्षर वाचता आले नाही तरी चालते. शाई, कागद आणि समासात काढलेल्या खुणा पाहायला सांगावे. जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. त्या दोन-तीन दिवसांत कोणताही बेत ठेवू नये. एखाद्या खेड्यात नातेवाइकांकडे जाऊन राहावे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावर मांडे होतात आणि शेतावरच्या सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचे) नवे साल याच दिवशी ठरते. मुलांना झोक्यावरची अहिराणी गाणी लिहून घ्यायला सांगावे. शब्द अडले तर आजीला विचारण्याची सवय यातूनच लागते.

७. एक लांबचा मुक्काम

सबंध उन्हाळ्यात लांबचा मुक्काम एकच असावा आणि तो तीन रात्रींचा असावा. सातपुड्यात त्यासाठी दोन जागा सोयीच्या आहेत. रावेर तालुक्यातले पाल हे यावल अभयारण्याच्या परिसरात आहे. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर असून तेथे यशवंत तलाव आणि सीताखाई आहे. तोरणमाळला जाताना एक साधा थर्मामीटर सोबत न्यावा. पायथ्याशी गाडी थांबवून सावलीत तापमान लिहावे आणि वर पोहोचल्यावर पुन्हा लिहावे. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते असे पुस्तक सांगते. घाट चढताना वेळही पुढे सरकलेली असते, म्हणून आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत आणि का जुळले नाहीत यावर बोलता येते.

या भागातली बहुतेक वस्ती भिल्ल आणि पावरा समाजाची आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काम चालते आणि ते घरच्या मिळकतीचे काम असते, पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नव्हे. आपल्या मुलांना ते पाहायचे असेल तर पहाटे उठून मागे मागे चालावे, मध्ये मध्ये बोलू नये. मुक्कामाची जागा आधीच ठरवावी, सोबत रोख पैसे ठेवावेत आणि मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये.

८. ऊन, पाणी आणि विंचू

माणशी किमान दोन लिटर पाणी, जलसंजीवनीची चार पाकिटे, कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक, सुती उपरणे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हे सामान ठरलेले आहे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे दिसताच चालणे थांबवावे, सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंग ओल्या कापडाने पुसावे आणि शुद्धीवर असलेल्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. मूल बरळू लागले, गुंगीत गेले किंवा अंग तापून कोरडे पडले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, अंग थंड करत करत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नदीतल्या डोहांविषयी माझे मत कडक आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसते, पण वाळू उपसलेल्या ठिकाणी पुरुषभर खोल खड्डे असतात आणि वरून त्यांचा पत्ता लागत नाही. पोहणे शिकवायचे असेल तर ओळखीच्या विहिरीवर, पायऱ्या असतील अशा ठिकाणी, कमरेला सुका भोपळा किंवा ट्यूब बांधून आणि पट्टीचा पोहणारा माणूस पाण्यात असतानाच शिकवावे. दगड उचलताना तो आपल्याकडे उलटवावा, म्हणजे खाली विंचू असेल तर तो पलीकडे निघतो. बूट घालण्याआधी झटकावेत.

९. वही

प्रत्येक मुलाची एक वही असावी आणि ती एकच असावी. विषयवार वह्या केल्या की नदी भूगोलात जाते, पाटकरी नागरिकशास्त्रात आणि सावली गणितात, आणि तिघांची गाठ पुन्हा पडत नाही. तारीख, ठिकाण, वेळ, तापमान आणि त्या दिवशी न सुटलेला एक प्रश्न, एवढे लिहिले तरी पुरे. चित्र काढायचे असेल तर काढावे, नसेल तर पान कोरे सोडावे. शुद्धलेखन त्या वहीत तपासू नये. त्यासाठी दुसरे दिवस आहेत. पुढे कोणी विचारले की मुले काय शिकतात, तर ही वही समोर ठेवता येते. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांच्या शंका बिबड्यांच्या आलेखापाशी मिटतात.

जून निम्मा सरला की गल्लीतली मुले नव्या दप्तरांसह शाळेला निघतात आणि आपली मुले एक-दोन दिवस खिडकीत उभी राहतात. त्या आठवड्यात त्यांना रोज संध्याकाळी त्याच मुलांमध्ये खेळायला पाठवावे आणि सकाळी मुद्दाम नदीवर न्यावे. पहिल्या पावसानंतर पांझरेच्या पात्रात गढूळ पाणी आलेले असते. पुलावरून, काठावर न उतरता, ते पाहावे आणि मेमध्ये जिथे उभे राहून नाश्ता केला होता ती जागा शोधावी.

गच्चीवरची काठी मात्र जुलैपर्यंत तशीच असू द्यावी. सूर्य परत दक्षिणेकडे निघाला की १८-१९ जुलैच्या सुमारास धुळ्यात दुसऱ्यांदा शून्य सावली येते. आमच्या वह्यांत त्या तारखेचे पान चारही वर्षे आखून ठेवलेले आहे आणि चारही पानांवर एकच शब्द लिहिलेला आहे : ढगाळ.